अनुदान लहान असले तरी ते तिच्याच हाती पडावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महिलांच्या सक्षमीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा कोटींच्या आकड्यांत होते. प्रत्यक्षात गगनबावड्याच्या किंवा शिरोळच्या एखाद्या बाईचे, किंवा तिच्या मुलीचे, पुढचे आयुष्य कोणत्या बाजूला वळणार हे पुष्कळदा दहा-वीस हजार रुपये योग्य महिन्यात तिच्या हाती आले की नाही, एवढ्यावर ठरते. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी जिल्ह्यातील काही महिला बचत गटांच्या हिशेबाचे काम पाहते. त्या अनुभवावरून, आणि आपल्यासारख्याच इतर गरीब देशांत स्त्रियांना दिलेल्या छोट्या अनुदानांचे काय झाले याविषयी जे वाचले त्यावरून, एक मागणी आपल्या पत्रातून मांडण्याची परवानगी असावी. कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी संस्था, उद्योजक आणि जिल्हा परिषद यांनी मिळून स्त्रिया व मुलींसाठी छोट्या, परतफेड नसलेल्या अनुदानांचा कायमचा निधी उभा करावा. त्यातील रक्कम थेट त्या स्त्रीच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या खात्यात जावी. आणि ती कशावर खर्च करायची हे तिने स्वतः ठरवावे.

बचत गटांना कर्ज मिळत असताना अनुदान कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर कांदा-लसूण चटणीच्या धंद्यात सापडते. चटणी वर्षभर विकली जाते, पण मिरची वर्षभर परवडत नाही. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे सौदे भरात असतात त्या दिवसांत जिच्या हाती एकरकमी पैसा असतो ती चांगली मिरची, धणे, तीळ, खोबरे, लसूण एकदम भरून ठेवते, उन्हात वाळवून कांडपावर देते आणि दिवाळीपर्यंत माल पुरवते. जिच्याकडे तो पैसा नसतो तिला दर महिन्याला किराणा दुकानातून वाढीव भावाने थोडी थोडी मिरची आणावी लागते, आणि तिच्या किलोमागच्या नफ्यात कांडपाची मजुरीसुद्धा नीट सुटत नाही. अशा बाईने कर्ज काढले, तर परतफेडीचा हप्ता पुढच्या आठवड्यापासून किंवा फार तर पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, आणि त्या वेळी मिरची अजून अंगणात वाळत असते. मग ती पहिले हप्ते कर्जाच्याच रकमेतून फेडते. ज्या भांडवलावर धंदा उभा राहायचा, ते धंदा सुरू होण्याआधीच निम्म्यावर येते. हिशेबाच्या वहीत हे इतक्या वेळा दिसते, की यात त्या बायकांच्या चिकाटीचा किंवा हुशारीचा काही दोष आहे असे मला कधीच वाटले नाही.

छोट्या कर्जाची कल्पना ज्या घटनेतून वाढली ती मोठी मोलाची होती, हे मान्य केलेच पाहिजे. बांगलादेशातील जोब्रा गावात १९७६ साली प्रा. मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून ८५६ टका स्वतःच्या खिशातून दिले आणि सावकाराच्या तावडीतून सुटायला माणसाला किती थोडी रक्कम लागते हे जगाला दाखवले. पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. पण त्या यशानंतर कर्ज हेच गरिबीवरचे औषध मानले गेले, आणि ते सर्वांना लागू पडत नाही हे फार उशिरा मान्य झाले. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून धंदा करणाऱ्या काही घरांना छोट्या कर्जाचा उपयोग झाला, मात्र मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा घरातील स्त्रीचे स्थान यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे त्यात आढळले. आपल्या जिल्ह्यात तर मायक्रोफायनान्सच्या वसुलीविरुद्ध महिलांना मोर्चे काढावे लागले. गटातील एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांनी तो भरायचा, या नियमामुळे वर्षानुवर्षांच्या शेजारणींमध्ये वैर आल्याचे मी पाहिले आहे. कर्ज बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्या स्त्रीचा धंदा चालू आहे आणि ज्याला गिऱ्हाईक आहे, तिला कर्ज जरूर मिळावे. पण जिला पहिले पाऊल टाकायचे आहे, जिच्या नावावर जमीन नाही, दागिना नाही आणि घरात अडीअडचणीला कमावते माणूस नाही, तिला आरंभीच कर्जबाजारी करणे अन्यायाचे आहे.

अशा स्त्रियांच्या बाबतीत अनुदानाने काय साधते याचे पुरावे आता भरपूर आहेत. उत्तर युगांडात दीर्घ यादवी युद्धानंतर अत्यंत गरीब लोकांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, दीडशे डॉलर रोख, पाच दिवसांचे धंद्याचे प्रशिक्षण आणि नंतर घरी येऊन विचारपूस, एवढे देण्यात आले. सोळा महिन्यांनी पाहणी झाली तेव्हा स्वतःचा छोटा धंदा असणाऱ्यांचे प्रमाण आणि त्यांची मिळकत दोन्ही सुमारे दुप्पट झालेली होती. बांगलादेशातील ब्रॅक संस्थेने २००२ पासून निराळी पद्धत राबवली: अतिगरीब कुटुंबातील बाईला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, जनावर दूध देऊ लागेपर्यंत पोटापुरता भत्ता द्यायचा, आणि सुमारे दोन वर्षे कार्यकर्तीने नियमित तिच्या घरी जायचे. हीच पद्धत पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात बंधन संस्थेने वापरली, आणि त्या कुटुंबांची दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हाही त्यांची स्थिती मदत न मिळालेल्या कुटुंबांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. सरकारी योजनांचा लाभ संपला की लाभार्थीही पूर्वपदावर येतो, हे ऐकत आलेल्या माझ्यासारखीला दहा वर्षे टिकलेला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

तरीही पैसा बाईच्या नावाने दिला म्हणजे तो बाईलाच मिळाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना शंभर-दोनशे डॉलरची अनुदाने दिली गेली, तेव्हा पुरुषांचा नफा चांगला वाढला आणि स्त्रियांचा सरासरीने वाढलाच नाही. यावरून काहींनी घाईने असा निष्कर्ष काढला की स्त्रियांना धंदा जमत नाही. पुढे इतर संशोधकांनी तीच माहिती, भारत आणि घाना येथील माहितीसह, पुन्हा तपासली. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तिथे अनुदानातून नफा वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईला मिळालेली रक्कम त्याच्या धंद्यात गेली होती. आपल्याकडे याचे नवल कुणालाच वाटणार नाही. शिलाई मशीनसाठी मिळालेले पैसे नवऱ्याच्या टेम्पोच्या टायरला गेले, हे मी एकाहून अधिक घरांत ऐकले आहे, आणि ते सांगताना त्या बाईच्या स्वरात तक्रारही नसते, इतके ते तिला स्वाभाविक वाटते. म्हणून खाते कुणाचे, मोबाईलवर संदेश कुणाला येतो, आणि पैसे काढायला बँकेत कोण जाते, या बारीकसारीक गोष्टींवर अनुदानाचे यश अवलंबून असते. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात जमा करून, ते खाते कसे वापरायचे हे त्यांना शिकवले गेले, तेव्हा त्या स्त्रिया अधिक दिवस कामाला बाहेर पडू लागल्या, असे अभ्यासात दिसले.

या दृष्टीने ‘माझी लाडकी बहीण’ योजनेने एक मोठे काम नकळत करून ठेवले आहे. २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागल्याने लाखो स्त्रियांची आधारशी जोडलेली, स्वतःच्या नावाची, वापरात असलेली खाती तयार झाली. पण दरमहा येणारे दीड हजार रुपये तेल, औषध आणि गॅस यांत संपतात, ते भांडवल होत नाही. आमच्या भागातील काही जणींनी त्यातून भिशी लावली आणि भिशी लागेल त्या महिन्यात एकीने पिको-फॉलचे मशीन, दुसरीने दोन शेळ्या घेतल्या. एकरकमी पैशाची गरज त्यांनी स्वतःच ओळखली आहे. बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील फिरता निधीही गटाला मिळतो आणि गटाकडून सभासदाला कर्जरूपानेच मिळतो. अन्नप्रक्रिया योजनेतील सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंतचे बीजभांडवलही गटांमार्फत कर्ज म्हणूनच पोहोचते. गटात नसलेल्या, किंवा हप्ता थकल्यामुळे गटातून बाहेर पडलेल्या बाईपर्यंत यातले काहीच जात नाही. त्यांत विधवा आणि परित्यक्ता बऱ्याच असतात. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचा साऱ्या महाराष्ट्राने गौरव केला आणि तो योग्यच होता. त्या ठरावाच्या जोडीला प्रत्येक गावात अशा स्त्रीच्या हाती स्वतःचे थोडे भांडवल आले असते, तर कपाळाचे कुंकू आणि हातातील बांगड्या यांविषयीचा निर्णय ती अधिक निर्धास्तपणे घेऊ शकली असती, असे मला वाटते.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव परदेशातही गाजते आहे. चपलेवरची नाजूक वेणी घालण्याचे काम बहुतेक घरांत बायका करतात, तेही घरकाम उरकून आणि नगावर ठरलेल्या मजुरीत. चामडे आणणे, माल दुकानदाराला देणे आणि पैसे घेणे हे व्यवहार पुरुषांकडे असतात, त्यामुळे कारागीर म्हणून नोंद, ओळखपत्र आणि प्रदर्शनातील गाळा हेही पुरुषाच्याच नावे होतात. वेणी घालणाऱ्या चार-पाच जणींनी एकत्र येऊन स्वतः चामडे विकत घ्यायचे म्हटले, तर लागणारी रक्कम फार मोठी नसते, परंतु पावसाळ्यात चपलेचा धंदा मंदावतो आणि त्या महिन्यांत कर्जाचा हप्ता कुठून आणायचा हा प्रश्न त्यांना अडवतो. अशा ठिकाणी पंचवीस-तीस हजारांचे एकच अनुदान मजूर बाईला मालकीण करू शकते.

मुलींच्या बाबतीत रक्कम आणखी लहान आणि परिणाम आणखी मोठा असतो. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केले. हजेरी, किमान गुण आणि अविवाहित राहणे या अटी होत्या, आणि पैसे मुलीच्या नावाच्या बँक खात्यात जात. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या योजनेत माध्यमिक वर्गांतील मुलींची रक्कम मुलांपेक्षा मुद्दाम जास्त ठेवली, कारण शाळा सुटण्याची वेळ मुलीवर आधी येते. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले, तेव्हा त्या वयाच्या मुलींचे शाळेतील प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्याकडेही शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रस्त्यांवर सायकल उपयोगी पडेल. पण राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड येथील डोंगरातल्या धनगरवाड्यांवर सायकल चालत नाही, आणि मुलींसाठी असलेला एसटीचा मोफत पासही तिथे निरुपयोगी ठरतो, कारण एसटी वर येतच नाही. तिथल्या मुलीला हवी असते मोठ्या गावात राहण्याची सोय आणि तिथला महिन्याचा जेवणखर्च. बारावीनंतरच्या मुलीची गरज आणखी वेगळी असते. राज्य शासनाने २०२४ पासून ठरावीक उत्पन्न मर्यादेतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, त्याबद्दल शासनाचे आभारच मानायला हवेत. परंतु प्रवेशाआधी जात पडताळणीसाठी कोल्हापुरात घालायच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीमागे बुडणारी आई-वडिलांची मजुरी, वसतिगृहाची अनामत, पहिल्या महिन्याची खानावळ आणि नर्सिंगच्या मुलीचा गणवेश, हे सारे प्रवेशाच्या त्याच पंधरवड्यात एकदम येते. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण ती खात्यात जमा होईपर्यंत वर्ष सरत आलेले असते, आणि तोवर मुलीचे लग्न ठरलेले असते. कुणाला काय हवे हे मुंबईतून किंवा कोल्हापुरातूनही ठरवता येणार नाही. त्या मुलीलाच विचारावे लागेल.

या भूमीला हे नवे नाही. ज्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, त्यांनीच कृष्णाबाई केळवकर यांच्या वैद्यकीय शिक्षणाला शिष्यवृत्ती दिली, पुढे परदेशी जाण्याचाही खर्च उचलला, आणि त्या डॉक्टर होऊन कोल्हापूरच्याच रुग्णालयात स्त्रियांवर उपचार करू लागल्या. एका मुलीवरचा तो खर्च दरबाराच्या एकूण खर्चात नगण्य असेल, पण त्याचा लाभ किती घरांना झाला असेल याची कल्पना त्या काळातील बाळंतपणांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना सहज येईल.

हा पैसा बाहेरून येईल का, याचाही विचार मी केला. ॲमस्टरडॅममधील मामा कॅश १९८३ पासून, अमेरिकेतील ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ पासून आणि आक्रा येथील आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड २००० पासून स्त्रियांच्या लहान लहान गटांना अनुदाने देत आले आहेत, आणि मोठ्या संस्थांच्या मध्यस्थीशिवाय गावपातळीवरील गटांवर विश्वास टाकणे ही त्यांची खासियत आहे. परंतु भारतात परदेशी निधी घेण्यासाठी वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या कायदेदुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेकडे सोपवू शकत नाही. म्हणजे चंदगडच्या एखाद्या वाडीतील महिला मंडळाला तो मार्ग जवळपास बंद आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून काम करायचे तर संस्थेची स्वतंत्र नोंदणी, लेखापरीक्षण आणि अहवाल लागतात. लहान गटाला ते झेपत नाही, म्हणून तो निधी इमारती, पाण्याची यंत्रे आणि शाळांच्या रंगकामाकडे वळतो. तेव्हा निधी इथलाच असायला हवा. आपला जिल्हा सहकाराचा आहे. दूध संस्था, साखर कारखाने, नागरी बँका आणि पतसंस्था यांना नफ्यातून धर्मादाय कारणांसाठी ठरावीक मर्यादेत रक्कम बाजूला काढण्याची मुभा आहे. गोठ्यात पहाटे उठून धार काढणारी, शेण भरणारी, वैरण आणणारी बाईच असते. तिच्या कष्टाच्या दुधावर उभ्या राहिलेल्या संस्थेने नफ्यातला थोडा भाग तिच्या पहिल्या धंद्यासाठी दिला, तर ते उपकार ठरणार नाहीत.

पैसे उधळले जातील, ही भीती बोलून दाखवली जाते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही; काही अनुदाने वाया जातील. पण त्यावर उपाय म्हणून कोटेशन, जामीनदार, सात-बारा, उत्पन्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र मागत गेलो, तर जिच्यासाठी निधी आहे तीच पहिल्या खिडकीवरून परत जाईल आणि ज्यांना कागदांची सवय आहे ते पुढे येतील. जवळच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या स्त्रियांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा अनेक प्रवर्तक निरक्षर असल्याने त्यांचा परवान्याचा अर्ज आधी नामंजूर झाला होता; १९९७ मध्ये त्यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी करून दाखवली. अर्ज एका पानाचा, मराठीत, आणि तोंडी सांगितला तरी चालेल असा असावा. निवड करणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि त्यांतही स्वतः छोटा धंदा केलेल्या स्त्रिया असाव्यात. पैसे दिल्यावर वर्षभर दरमहा कुणीतरी घरी जाऊन काय अडले ते विचारावे. वर सांगितलेल्या युगांडा व बंगालच्या प्रयोगांत अशा भेटी होत्या आणि युगांडात त्यांमुळे धंदे अधिक टिकले, पण आपल्याकडे नेमका हाच भाग टाळला जातो. आणखी एक कळकळीची विनंती आहे. या मुलींना व्यासपीठावर उभे करून हातात पुठ्ठ्याचा मोठा धनादेश देऊ नये, त्यांचे फोटो फलकावर लावू नयेत. गरजू म्हणून चौकात झळकलेल्या मुलीला वर्गात काय ऐकावे लागते, हे देणगीदारांनी एकदा शिक्षिकांना विचारून पाहावे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि नफ्याच्या वाटणीचा निर्णय तिथेच होतो. आपल्या वाचकांपैकी जे अशा संस्थांचे सभासद आहेत, विशेषतः ज्या महिला सभासद आहेत, त्यांनी ‘महिला व मुलींसाठी छोटे अनुदान’ हा विषय पत्रिकेवर घेण्याची लेखी मागणी सभेची नोटीस निघण्यापूर्वीच आपापल्या संस्थेकडे द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तालुक्यागणिक दोन-तीन संस्थांनी जरी असा ठराव केला, तरी मार्चपर्यंत निधी उभा राहील आणि जूनमध्ये शाळा-महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलींना त्याच वर्षी पहिली अनुदाने देता येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर